रिकामं दिसणारं घर

१२ नोव्हेंबर, मंगळवार. धुण्याचा दिवस. नॉर्थ यॉर्कमधल्या एका जुन्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सत्याऐंशी वर्षांच्या ज्यू बाईंची मी देखभाल करते. बेसमेंटमध्ये मशीन सुरू करून वळले, तोच फायर अलार्म वाजला.

या इमारतीत तो उगाचही वाजतो. पण जिन्यात सातव्या मजल्यापासून धुराचा वास यायला लागला. धापा टाकत वर पोचले, माझ्या किल्लीने दार उघडलं आणि हाका मारत सुटले. पलंगाखाली, बाथरूम, बाल्कनी, सगळी कपाटं. कुणी नाही. चादर ताणून घातलेली, खुर्ची टेबलाला लावलेली, चहाचा कप धुऊन जागेवर. शेजारीण त्यांना घेऊन गेली असणार, असं मी धरून चालले.

जिन्यात भेटलेल्या अग्निशमन जवानाने विचारलं, "नऊवर कुणी आहे?"

"आमचं घर रिकामं आहे," मी म्हणाले. हे मीच सांगितलं.

खाली शेजारीण कुत्रा कडेवर घेऊन उभी. एकटीच. तिनेच मला विचारलं, "अगं, त्या तुझ्याबरोबर नाहीत?"

मी बाईंच्या लव्हाल शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला. तिने आधी विचारलं, "घर कसं होतं?"

"नीटनेटकं. कपसुद्धा धुतलेला."

"मग ती आतच आहे. दुसऱ्या महायुद्धात, ती लहान असताना, तिचं कुटुंब एका शेतकऱ्याच्या माळ्यावर, खोट्या भिंतीमागे दोन वर्षं लपलं होतं. दारावर थाप पडली की आधी आपल्या खुणा पुसायच्या, मग आत शिरायचं. कुणी नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. लपाछपीत आई आम्हाला कधी सापडली नाही. आम्ही रडलो तरी बाहेर यायची नाही. हाका मारू नका, प्लीज."

आणि मी पाच मिनिटं त्यांच्या नावाने ओरडत होते.

त्याच जवानाला गाठलं. "मी चुकीचं सांगितलं. त्या वर आहेत. तुम्ही ओरडलात तर सापडणार नाहीत. मला न्या."

"बाई, आम्ही ओरडूनच शोधतो."

"म्हणूनच म्हणते."

आठव्या मजल्यावरची आग विझली होती, अलार्मही थांबला होता, धूर मात्र होता. माझ्या तोंडावर मास्क चढवून त्याने मला वर नेलं. घरात शिरताच मला मास्कमधूनही खोकला आला. दुसऱ्या कुणाचा खोकला ऐकू येईना. मी पुन्हा एकेक कपाट उघडत गेले.

बाथरूमशेजारच्या कपाटात खालच्या फळीखाली व्हॅक्यूम क्लीनर ठेवलेला असतो. मघाशी फक्त तोच दिसला, म्हणून मी दार लावून टाकलं होतं. आता ओढला, तर हलेना. आतून कुणीतरी धरला होता.

त्या गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. खोकला बाहेर पडू नये म्हणून स्वेटरची बाही तोंडात कोंबलेली, डोळ्यांतून पाणी. मी नाव घेतलं नाही. जमिनीवर बसले, हाताने जवानाला मागे सारलं.

"गेले?" त्यांनी बाही काढून विचारलं.

"गेले." जवान माझ्या मागे दोन हात अंतरावर उभा होता.

"तू फार मोठ्याने बोलतेस. तुझ्यापायी सगळे पकडले जाऊ."

"चुकलं. चला आता."

त्यांनी व्हॅक्यूम सोडला.

त्या रात्री त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. फुप्फुसं ठीक आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी तिकडेच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, मुलीला विचारून, मी इमारतीच्या ऑफिसात गेले. आगीच्या वेळी कुणाला मदत लागेल, त्याची यादी तिथे असते. बाईंच्या नावापुढे फक्त 'चालताना आधार' एवढंच होतं. मी पेन मागितलं.

"आंटीजी, इतना कौन पढ़ेगा?" मॅनेजर वैतागला.

"जो ढूँढने आएगा, वो," म्हटलं, आणि रकाना पुरेना तेव्हा समासात लिहिलं: हाक मारू नये, उत्तर मिळणार नाही. घर रिकामं दिसलं तरी बाई आतच असतात. बाथरूमशेजारचं कपाट, व्हॅक्यूमच्या मागे.