यशवंतचा हात चुकला नव्हता

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून दुसरं काही लपवल्याचं मला आठवत नाही — हे एवढं एक सोडून. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

चिंचवडला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय — वर पत्रे, खाली खड्डा, हत्यारांची एक पेटी. आजूबाजूला कंपन्या उभ्या राहत होत्या, साहेब लोक राहायला येत होते. कुणाकडे जुनी विलायती गाडी असली की लोक म्हणायचे, त्या मिस्त्रीकडे न्या, तो मेलेली गाडी उठवतो. मला हे ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

गावात एक डॉक्टरीणबाई होत्या. आठवड्यातून दोनदा चाकणला बाळंतपणं करायला जायच्या. त्यांच्या सासऱ्यांची एक विलायती गाडी होती आणि ती यशवंत चालवायचा. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. गाडी सुरू करण्याआधी तो चारी चाकांना एकदा हात लावून यायचा. असा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही.

त्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स गळायला लागला. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारे दाते ज्या लोखंडी डब्यात असतात, तो हा बॉक्स. त्यात तेल असतं, त्या तेलावर दाते जगतात. खालच्या दांड्याभोवतीचं सील फाटलं होतं आणि तेल थेंब थेंब जात होतं. सील बदलायचं तर दांड्यावर घट्ट बसलेला, चाकांकडे जोर नेणारा लोखंडी आर्म ओढून काढावा लागतो, आणि त्याला पुलर लागतो. माझा पुलर मोडला होता.

रस्त्यापलीकडच्या उस्तादांकडे पुलर होता. त्यांच्याच हाताखाली मी शिकलो, आणि भांडून बाहेर पडलो होतो. वीस पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, उस्ताद, पुलर द्या — एवढंच काम होतं.

मी नाही गेलो.

आर्मवर हातोडा मारून पाहिला, तो हलला नाही. मग मी बॉक्समध्ये ग्रीस कोंबलं. ग्रीस गळत नाही, म्हणजे डाग पडणार नाही. पण दात्यांनी एकदा बाजूला सारलेलं ग्रीस परत त्यांच्याकडे येत नाही, दाते कोरडेच घासत राहतात. मला हे माहीत नव्हतं का? उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. स्टिअरिंगला थोडी ढिलाई आली होती, ती लपवायला मी दाते एकमेकांवर दाबणारा वरचा स्क्रू आवळला — हवा होता त्यापेक्षा अर्धा फेरा जास्त. आणि यशवंतला सांगितलं, नवं सील टाकलंय.

तीन दिवसांनी तो परत आला. "मिस्त्री, वळान घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक माघारी येत न्हाई. वढून आनावं लागतंय."

"नवं काम आहे यशवंतभाऊ. बसेल चार दिवसांत."

"तुमी म्हनताय म्हंजी बसंल," असं म्हणून तो गेला. मी त्याला थांबवू शकलो असतो. स्क्रू सैल करायला किती वेळ लागतो? चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी, मोशीच्या पुढच्या वळणावर गाडी वळली आणि सरळ झालीच नाही. रस्ता सोडून झाडावर गेली. यशवंतचं कपाळ फुटलं होतं, तरी त्यानं बाईंना ओढून बाहेर काढलं आणि कांद्याच्या एका ट्रकला आडवं जाऊन तो थांबवला. बाई वाचल्या. त्यांचा उजवा हात कोपरात असा मोडला की पुन्हा कधी नीट वळला नाही. बाळंतपणं संपली.

यशवंत भेटेल त्याला सांगत होता — स्टिअरिंग अडकलं, स्टिअरिंग अडकलं.

आत्तापर्यंत सांगितलं त्याला तुम्ही ताठा म्हणाल, कामचुकारपणा म्हणाल. तेवढंच असतं तर मी कदाचित कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. पण तेवढंच नव्हतं.

गाडी ओढून माझ्याच गॅरेजात आणली. दुपारी तपासणीसाठी इन्स्पेक्टर येणार होते. मी आत बसून स्टिअरिंग फिरवून पाहिलं — दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे हललं. मी उतरलो. पाना घेतला. स्क्रू सैल केला. पुन्हा बसून पाहिलं, एका बोटानं फिरत होतं.

इन्स्पेक्टरांनी तेच पाहिलं. त्यांनी विचारलं, "स्टिअरिंगला दोष होता?" मी म्हणालो, "नाही साहेब, नुकतंच काम केलंय." पुढे यशवंतवर खटला झाला, तेव्हा हेच मी कोर्टातही सांगितलं, शपथ घेऊन. यशवंत समोर उभा होता. तो माझ्याकडे रागानं बघत नव्हता — मला वाटतं, मी काय सांगतोय ते तो समजून घ्यायचा प्रयत्न करत होता.

तो दारूला शिवत नसे. तरी गॅरेजात चहा पिता पिता लोक त्याच्या वस्तीचं नाव घ्यायचे आणि म्हणायचे, प्यायलाच असणार, ह्या लोकांच्या हातात गाडी देतात कशाला? मी गप्प राहिलो, असं सांगायला मला आवडलं असतं. मी मान डोलावली.

यशवंत तीन महिने तुरुंगात काढून आला. लायसन गेलं, नोकरी गेली. नंतर तो चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचा.

काही वर्षांनी एका दुपारी तो गॅरेजात आला. पार वाळला होता. आम्ही दोघंच होतो. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, येक इचारू का? तुमी गाडीतलं जानता. मला वाटतं स्टिअरिंग अडाकलं व्हतं. पन समदी न्हाई म्हनत्यात. आता माझा मलाच भरवसा वाटंना. माझा डोळा लागला व्हता का वो?"

खटला कधीच संपला होता. मला कुणी काही करणार नव्हतं. समोर हा एकटा माणूस, आणि त्याला फक्त एक शब्द हवा होता.

मी म्हणालो, "लागला असेल यशवंतभाऊ. होतं असं माणसाचं."

तो म्हणाला, "व्हय. लागला आसंल." उठला, मला हात जोडले आणि चाकणच्या गाडीला गेला.

दोन वर्षांनी तो वारला. मी गेलो होतो. त्याची बायको आल्यागेल्याला सांगत होती — अगदी शेवटपर्यंत एकच बोलायचे, माझा डोळा लागला, माझ्यापायी बाईंचा हात गेला.

मी बायामाणसांच्या मागे उभा होतो. मी ते ऐकलं, आणि चप्पल घालून घरी आलो.