गंगा आली नाही तो दिवस

गंगा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलीच होते. खास त्या दिवशी काही झालं होतं असं नाही. गेली दहा वर्षं मी तिच्यावर चिडून होते आणि ते आता अंगवळणी पडलं होतं. "ताई, गंगा गेली वो," तिचा नवरा म्हणाला. काविळीचं निमित्त... आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? आता त्या दिवशी ती का आली नाही, ते नीट विचारायचं राहूनच गेलं. लिहायला लाज वाटते, पण आलं खरं.

आम्ही दोघी कॉलेजातल्या मैत्रिणी. मी कोल्हापूरची, ती हुपरीहून एसटीनं येणारी. तिचे आप्पा चांदीची पैंजणं करायचे आणि घुंगरं जोडायला सगळं घर बसायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, टीव्हीवर पॉपच्या जोड्या नाचत होत्या, तेव्हा आम्हालाही वाटलं, आपणही एक गाणं काढावं. एकच गाणं, 'सांग की पत्ता'. कॅसेटच्या एका बाजूला आमच्या आवाजात, दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत. मी जोडीला झकास इंग्रजी नाव शोधून ठेवलं होतं. गंगा म्हणाली, "जोडवी ठेव." लग्नाआधीच जोडवी घातली म्हणून कॉलेजभर आमची चेष्टा झाली, पण हिनं ऐकलं असेल तर शप्पथ. दोन शब्द बोलायचे आणि विषय संपवायचा. समोरच्यानं डोकं आपटून घ्यावं.

लक्ष्मीपुरीत एका माडीवर स्टुडिओ होता. संगीत आधीच भरून झालं होतं, त्यावर आम्ही फक्त गायचं. गंगा पैंजणं घालून आली आणि पायानं ताल धरून गायला लागली. सगळी छुमछुम माईकमध्ये. रेकॉर्डिंग करणारे शशीदादा वैतागून म्हणाले, "ते आधी काढा." काढली. तर मी प्रत्येक कडव्यात संगीताच्या पुढं. एकदा नाही, चारदा. "तू पळतीस," गंगा म्हणाली. "माझ्या पायाकडं बघ आन् गा." माझा असा संताप झाला... गाण्याच्या परीक्षा मी दिलेल्या, हिनं नव्हे. पण पैंजणं परत पायात आली आणि पुढच्याच खेपेला गाणं सरळ उतरलं. शशीदादांनी हात टेकले. म्हणाले, "राहू दे, वाजू दे."

प्रकाशनासाठी एक लहानसा हॉल मिळाला. मुंबईचे एक कॅसेटवाले गृहस्थ येणार होते. आवडलं तर आमची पुढची कॅसेट ते काढणार होते. मला जन्मभर गायचं होतं आणि ते सगळं त्या एका दुपारवर टांगलेलं. त्याच सकाळी गंगाचा फोन. "माझं जमायचं न्हाय. लगीन ठरलंय. वडगावच्या पावण्यांस्नी पोरीनं स्टेजवर गायलेलं चालत न्हाय." आणि ठेवला की फोन.

मी एकटी उभी राहिले. कॅसेटची दुसरी बाजू लावली. तिच्यासाठी मांडलेला माईक रागारागानं कडेच्या पडद्याकडं सरकवला, तो आडवा पडला, तसाच राहू दिला. गाणं सुरू झालं आणि पैंजणं वाजायला लागली. मला वाटलं, टेपमधलीच आहेत. त्या छुमछुमीला धरून मी शेवटपर्यंत गायले. एकदाही पळाले नाही. ते गृहस्थ नंतर म्हणाले, "छान. पण जोडी असती तर बघितलं असतं." झालं. दुसऱ्या महिन्यात मी शिकवण्या सुरू केल्या.

तिच्या लग्नाला मी गेले नाही. दोनेक वर्षांनी महाद्वार रोडला समोरासमोर आलो, कडेवर लेक होती. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "का आली नाहीस?"

"आल्तो की मी," ती म्हणाली.

मला ती तोंडावर खोटं बोलते आहे असं वाटलं. तरातरा निघून आले. माणूस मागून हाक मारतं, हात धरतं, चार वाक्यं जास्त बोलतं. ही नाही.

आता महिना होत आला. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी टेपवरची धूळ पुसली, कॅसेट शोधली. तिच्या आवाजाची बाजू लावायचा धीर होईना, म्हणून दुसरी लावली. नुसतं संगीत. पैंजणं नाहीत. तीनदा ऐकली. नसणारच की... ते संगीत आम्ही गायच्या आधीच भरलेलं होतं. पैंजणं वाजली ती आमच्या आवाजाच्या वेळी. इतकी वर्षं शिकवण्या घेते मी, आणि एवढं डोक्यात आलं नाही.

म्हणजे आली होती. होणाऱ्या सासरच्यांना चोरून, एसटी पकडून, पडद्यामागं त्या आडव्या पडलेल्या माईकपाशी उभी राहून ताल देत होती, मी पळू नये म्हणून. अगं गंगे, 'पडद्यामागं होतो' एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? आणि मला जरा थांबायला काय झालं होतं?

पैंजणं आता तिच्या लेकीच्या पायात आहेत. टेप माझ्या खोलीत खिडकीशी आहे. परवा दार लावून घेतलं, ती दुसरी बाजू लावली आणि गाऊन बघितलं. पहिल्याच कडव्यात पळाले.