सतरा नंबरची विहीर

आमचं ऑफिस नागपूरला, पण आम्ही सांभाळतो त्या वायूच्या विहिरी समुद्रापलीकडच्या वाळवंटात. मनीषनगरहून सकाळी स्कूटीवर निघायचं आणि दिवसभर काचेच्या खोलीत बसून त्यांचे दाब पडद्यावर बघायचे, हे माझं काम. विहिरी म्हाताऱ्या झाल्यात. दाब उतरला की वायूसोबत येणारं पातळ तेल तळाशी साचतं आणि वायूची वाट अडवतं. मग विहीर काही तास बंद ठेवायची, दाब चढू द्यायचा आणि उघडून ते तेल बाहेर फेकायचं. मला हे जमतं, म्हणूनच मी अडकले. दोनदा राजीनामा दिला. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "तुझ्याशिवाय या विहिरी कोणाला कळतात?" आणि मी तो कागद परत घेतला.

त्या वायूत गंधकाचं विष असतं. थोडं असलं तर सडक्या अंड्यांचा वास येतो. फार झालं की नाकच बधिर होतं.

तिथला ऑपरेटर नागपूरजवळच्या कन्हानचा होता, वयानं माझ्यापेक्षा मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला ताई.

सतरा नंबरच्या विहिरीची नळी गंजून पातळ झाल्याचं मी लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, "एकदा उघडून घे, मग तपासू." नाही म्हणता आलं असतं. मी "बरं" म्हटलं आणि भाऊला पाठवलं.

त्यानं झडप उघडली, दाब उसळला आणि धोक्याची घंटा वाजली. नळी फुटली होती. मी दोन्हीकडच्या झडपा इथून बंद केल्या, पण मधल्या नळीतला वायू संपेपर्यंत गळणारच होता. वारा रस्त्याकडे होता आणि बाहेर जायला तेवढा एकच रस्ता. भाऊ धावत विहिरीजवळच्या केबिनमध्ये शिरला. तिथून त्याचा फोन आला.

"ताई, मगाशी लय वास होता. आता वास येऊन नाही राह्यला."

मी ओरडले, "मास्क लावा, भाऊ! आत्ता! अन् सिलिंडरची हवा सोडा!"

फोनवर नुसता खडखडाट. मग मास्कमधून दबलेला आवाज आला, "लावला. डोळे जळून राह्यले. तुम्ही बोलत राहा."

मी विचारलं, "घरी गेल्यावर काय खाता?"

"सांबारवडी. बायको करते." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"माझी तर नेहमी फुटते."

"सांबार ओला ठेवत असान तुम्ही. धुऊन कपड्यावर पसरवा, चांगला कोरडा होऊ द्या."

पडद्यावरचा दाब उतरत होता, पण इतका हळू की एकेक आकडा बदलायला मिनिटं लागत होती. साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, "विहीर परत कधी सुरू होईल?" मी फोनवर भाऊशीच बोलत राहिले. खोलीचं दार उघडंच होतं, पण मला उठता येत नव्हतं.

पाऊण तासानं बचावपथक वाळूतून वळसा घालून, वारा येत होता त्या बाजूनं पोचलं. भाऊ वाचला. आठवडाभर त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती.

सुट्टीवर आला तेव्हा मी कन्हानला त्याच्या घरी गेले. चहा पुढे आला. मी म्हणाले, "नळी खराब आहे हे मला माहीत होतं, भाऊ. तरी तुम्हाला पाठवलं."

"तुम्ही मले सांगाले पाहिजे होतं, ताई," तो एवढंच म्हणाला. त्याची बायको आत निघून गेली.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा तिकडेच गेला. दुसरं काम मिळालं नव्हतं. मी चौकशीत सगळं लिहून दिलं, साहेबांचं वाक्य आणि माझं "बरं"सुद्धा. सतरा नंबर सिमेंट भरून कायमची बंद झाली. साहेबांना दुसऱ्या विभागात हलवलं, आणि त्यांच्या वाट्याच्या नऊ जुन्या विहिरी माझ्या पडद्यावर आल्या.