वेंडेलच्या जगात बंदूक

वेंडेल ओमनला तुम्ही काहीही दाखवा, राजाचा मुकुट दाखवा, शेजारणीचं नवं बाळ दाखवा, तो भुवया वर करून एकच विचारणार, "वजन किती?"

मिशिगनच्या पार वरच्या टोकाला टॅमरॅक बे नावाचं गाव आहे, तिथे त्याचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान. अडकलेला चाप, तडकलेला दस्ता, गंजलेली नळी, सगळं त्याच्याकडे यायचं. काचेवर त्याने स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं: माझ्या कपाटात काय आहे ते माझं मी बघेन. पुढच्या खोलीत भिंतभर रायफली आणि पिस्तुलं, मागच्या खोलीत एक गोल टेबल, आणि त्या टेबलावर दर रविवारी दुपारी एक अख्खं दुसरं जग.

ते जगही वेंडेलचंच. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे तिघं गोष्टीतली पात्रं व्हायचे, आणि कोण वाचलं कोण मेलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. त्या जगात ड्रॅगन होते, चेटकिणी होत्या, बोलणारे दगड होते. वेंडेलला त्याचं काही वाटायचं नाही. हत्यारं मात्र खरी हवीत. को-ऑपमध्ये पशुखाद्याची पोती उचलणारा टकर हा खेळात एल्फ, म्हणजे टोकेरी कानांचा जादूई रानातला योद्धा, असायचा. तो एकदा म्हणाला, मी दोन्ही हातांत दोन मोठ्या तलवारी घेऊन कड्यावरून उडी मारतो. वेंडेल उठला, कोपऱ्यातले दोन लोखंडी पाइप आणून टकरच्या हातात दिले आणि म्हणाला, "हं. मार उडी. खुर्चीवरून मार, कडा राहू दे."

टकर दर महिन्याला एकदा तरी विचारायचा, "माझ्या एल्फला एक साधी बंदूक मिळेल का हो? ठासणीची चालेल. जुनी चालेल. गंजकी चालेल."

"नाही."

"ड्रॅगन चालतो आणि बंदूक नाही?"

"ड्रॅगनला निदान लांबून येताना बघता येतं," वेंडेल म्हणायचा. "भालेवाला समोरून चालत येतो, तो पोचेपर्यंत त्याच्याशी चार शब्द बोलता येतात. कधीकधी त्याचा विचारही बदलतो. बंदूक आली की तो मधला वेळच गेला. मग मी गोष्ट कुठे सांगू?"

हे ऐकलं की डार्लीनला चेव चढायचा. डार्लीनने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि निवृत्त झाली तरी ती बोलायची मागच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जाईल अशीच. "ऐका सगळ्यांनी. बाहेरच्या जगात या माणसाला बंदुकीवर एक साधा कायदा सोसवत नाही. आणि जिथे याचं स्वतःचं राज्य आहे तिथे पहिली बंदी कशावर? विचार कर जरा, वेंडेल."

"तो खेळ आहे."

"बस चालवायला माझी परीक्षा घेतली, डोळे तपासले, दर वर्षी डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. आणि या टकरला रायफल कधी मिळाली? वाढदिवसाला, केकबरोबर."

"केक चांगला होता," टकर म्हणायचा.

"बस सरकारी रस्त्यावर चालते," वेंडेल तोंड उघडायचा, आणि मग पेस्टीचा, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंजीचा, शेवटचा तुकडा गिळून रेनो कांगस शांतपणे म्हणायचा, "तुम्ही दोघं एकदाचं लग्न करून टाका." आणि भांडण तिथेच संपायचं.

रेनो हा वेंडेलचा शाळेपासूनचा दोस्त. खेळात तो कुऱ्हाडवाला बुटका असायचा, बाहेर दोन्ही खांदे दारात घासतील असा आडवा गडी. मतांच्या बाबतीत वेंडेलची सावलीच. एकदा न्यायाधीशाच्या हुकमाने शेरीफने लेक रोडवरच्या एका माणसाच्या बंदुका उचलून नेल्या. कारण काय, तर त्याच्या भावाने तक्रार केली की हा स्वतःचं बरंवाईट करून घेईल. त्या वेळी वेंडेल गावसभेत उभा राहिला होता. "आज त्याच्या भल्यासाठी त्याचं कपाट उघडलं. उद्या माझ्या भल्यासाठी माझं उघडाल. माणसाचं भलं कशात आहे हे दुसऱ्याने ठरवलं की ती चोरीच, मग हातात कागद कुणाचाही असो." सभेत पहिली टाळी वाजली ती रेनोची. त्याच्या पंजाची टाळी म्हणजे दार आपटल्यासारखीच.

एप्रिलमध्ये रेनोची बायको, आयली, वारली. रेनो तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी आला, जागेवर बसला, आणि त्याचा बुटका एकदम वेगळाच खेळायला लागला. दरीत आधी कोण उतरणार? बुटका. जळत्या घरात कोण जाणार? बुटका. फासा चांगला पडून बुटका वाचला की टकर टेबल बडवायचा आणि रेनो नुसता फाशाकडे बघत राहायचा, दुकानदाराने चुकीचं सामान दिल्यासारखा. मग बुटक्याने आपली ढाल देऊन टाकली. मग चिलखत. मग कुऱ्हाड टकरच्या एल्फला.

"अरे, मग तू कशाने लढणार?" टकर म्हणाला.

"बघू."

पुढच्या आठवड्यात रेनोने टकरला आपला खराखुरा मासे धरायचा गळ आणून दिला, त्याच्या बापाचा. डार्लीनला आयलीची कॉफीची किटली दिली. "मला कशाला लागते एवढी मोठी," म्हणाला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर वेंडेल टेबलापाशी बसून राहिला. रेनोच्या घरात काय काय आहे ते त्याला पाठ होतं, सगळं त्यानेच कधी ना कधी दुरुस्त केलं होतं. एक हरणांची रायफल, एक दुनळी, आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आयलीच्या वडिलांचं रिव्हॉल्वर.

जाता जाता डार्लीन म्हणाली होती, "शेरीफला फोन कर."

"नाही."

"तुझं ते भाषण घाल चुलीत आणि फोन कर."

"शेरीफ त्याच्या दारात गेला तर रेनो पुन्हा माझ्या दारात येणार नाही. मग त्याच्याकडे बघणार कोण?"

हे खरंच होतं. आणि आपण जन्मभर जे बडबडलो ते आता गिळावं लागेल, हेही खरं होतं. त्यातलं कुठलं जास्त खरं ते वेंडेलने स्वतःला विचारलं नाही.

त्याऐवजी त्याने आपल्या खुळाचा आधार घेतला. रेनोला म्हणाला, "खेळातल्या आडव्या धनुष्याला नीट दस्ता द्यायचाय. तुझ्या रायफलच्या दस्त्याचा घाट चांगला आहे, जरा माप घ्यायला दे." रेनोने दिली. महिन्याभराने म्हणाला, "दिवसभर खांद्यावर वजन घेऊन चाललं तर माणूस कुठे दमतो ते बघायचंय, तुझी दुनळी दे." रेनोने तीही दिली. वेंडेलच्या खुळाला गाव इतकं सरावलं होतं की कुणाला त्यात काही वाटलं नसतं. दोन्ही बंदुका वेंडेलच्या लोखंडी कपाटात गेल्या. तो मनात म्हणायचा, अजून एक. फक्त एक.

पण त्या एकासाठी बहाणा सुचेना. त्याच्या जगात दारूगोळाच नव्हता.

नोव्हेंबर आला. हरणांचा हंगाम उघडायचा म्हटलं की टॅमरॅक बेमध्ये शाळेला सुट्टी, बँकेला सुट्टी, दाढ दुखली तर ती तुमची तुम्ही उपटायची. दुकानात रांग. जो तो आपली रायफल मागायला येतो, झाली का, झाली का, झाली का. वेंडेल रोज दाराकडे बघायचा. सगळे आले. रेनो आला नाही. हंगाम सोमवारी उघडणार होता, आणि शनिवार संध्याकाळपर्यंत त्याने आपली रायफल मागितली नव्हती.

गावात दुसरं कुणी हे ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बिचारा, मन लागत नसेल. वेंडेलला मात्र वेगळंच आठवलं. आयलीचा बाप वारला तेव्हा तेराव्या का चौदाव्या दिवशीच, दंडाला काळी फीत लावून, हा माणूस हरणांच्या शिकारीला रानात गेला होता. ज्याला सोमवार बघायचाच नाही, तोच रायफल मागत नाही.

रविवारी दुपारी चौघं बसले. वेंडेलने घसा खाकरला. "आजपासून या जगात बंदूक आहे."

टकरचा घास तोंडातच राहिला. "काय म्हणालात?"

"उत्तरेकडच्या लोहारांना दारू सापडली. छोटी बंदूक. हातात मावणारी. गोल फिरणारं चक्र असलेली."

"चक्र?" टकर उभाच राहिला आणि वेंडेलसारख्या भुवया चढवून, वेंडेलच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "'टकर, ज्यांना अजून चांगली कुलपं करता येत नाहीत ते बंदुका कसल्या करणार? टकर, वजन किती? टकर, मधला वेळ गेला.' आणि आज एकदम चक्र?"

डार्लीन हसली नाही. ती वेंडेलकडे बघत होती.

"माप लागेल," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "रेनो, तुझ्या सासऱ्याचं रिव्हॉल्वर दे थोडे दिवस."

रेनोने हातातला फासा हळूच टेबलावर ठेवला. मग मान वळवून उघड्या दारातून पुढच्या खोलीकडे बघितलं. भिंतभर पिस्तुलं टांगलेली. लहान, मोठी, चक्राची, बिनचक्राची.

"माझंच पाहिजे?" तो म्हणाला.

टकर खाली बसला. रेनोने कोट घेतला आणि तो मागच्या दाराने बाहेर गेला.

वेंडेल तसाच, टोपी न घालता, त्याच्या मागे पळाला. रेनो आपल्या ट्रकचं दार उघडत होता.

"रायफल. मग दुनळी. आणि मी येडा, बापडा धनुष्य बनवतोय म्हणून देत गेलो," रेनो म्हणाला. "नाही, येडा नव्हतो. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग दिलीस कशाला?"

"तू मागितलीस म्हणून."

"मग हेही दे."

"गावसभेत कोण उभं राहिलं होतं, वेंडेल? कुणाचं भलं कुणी ठरवायचं नाही म्हणून?"

"मी."

"शेरीफ आला असता तर?"

"तर मी तुझ्या दारात आडवा झालो असतो."

"आणि आता?"

"आता मीच आलोय," वेंडेल म्हणाला. त्याच्या डोक्यावर बर्फ साचत होता आणि तो झटकायचं त्याला सुचत नव्हतं. "तुला जी शिवी द्यायची ती दे. रेनो, तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

इतकं सरळ या गावात कुणी कुणाला विचारत नाही. रेनोने ट्रकच्या दारावरचा बर्फ हाताने पुसला.

"ठरवलं नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी उठून ठरवतो, आज नको. आता ते ठरवायचाच कंटाळा आलाय."

वेंडेल दुसऱ्या बाजूने जाऊन ट्रकमध्ये बसला. रेनोने त्याला उतर म्हटलं नाही.

घरात गारठा होता. भांडी धुतलेली, पुसलेली, एकावर एक रचून ठेवलेली, जणू उद्या कुणी येऊन घेऊन जाणार आहे. रेनोने ड्रॉवर ओढून उघडला आणि बाजूला सरकला.

"मी हातात देणार नाही. घ्यायचं तर तू घे."

दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये हात घालायचा नाही, यावर वेंडेल आयुष्यभर भांडला होता. त्याने हात घातला. चमच्यांखालून रिव्हॉल्वर काढलं, चक्र उघडून गोळ्या तळहातावर ओतल्या. एका खिशात गोळ्या, दुसऱ्या खिशात रिव्हॉल्वर. रिव्हॉल्वरवरचा हात त्याने काढला नाही.

"ही चोरी आहे," रेनो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"हो."

"परत कधी देशील?"

"माहीत नाही. मला वाटेल तेव्हा."

"तुला वाटेल तेव्हा," रेनो म्हणाला. "शेरीफने निदान तारीख तरी दिली असती."

वेंडेलने स्वयंपाकघरात नजर फिरवली. एक वस्तू त्याच्या खिशात आली होती. बाकी सगळं घर तिथेच होतं, सगळी लांबलचक रात्र होती, खिडकीबाहेर गोठत चाललेलं तळं होतं. ते खिशात घालून नेता येत नव्हतं. आपण फार मोठं काही केलं असं त्याला वाटेना. पुराच्या पाण्यात मूठभर माती टाकल्यासारखं वाटलं.

"मिळालं ना?" रेनो म्हणाला. "जा आता."

"नाही."

"काय नाही?"

"जात नाही. उद्या सकाळी तुला ठरवायचा कंटाळा आला तर मी ठरवेन. परवाही."

"उद्या हंगाम उघडतोय. तुझ्या दुकानापुढे रांग लागेल."

"लागू दे."

"गाव तुझ्या नावाने बोंब मारेल."

"मारू दे."

रेनो वळला. त्याचे डोळे लाल झाले होते, रागाने की कशाने ते वेंडेलला कळलं नाही. त्याने वेंडेलच्या पायांकडे बघितलं.

"मग बूट तरी काढ," तो म्हणाला. "सगळी फरशी ओली केलीस."

वेंडेल खुर्चीवर बसला आणि बूट काढायला लागला, एकाच हाताने, कारण दुसरा खिशातल्या रिव्हॉल्वरवर होता आणि तो तिथून काढायचा त्याला धीर होत नव्हता.