विहीणबाईंचा जुना प्रोसेसर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळची एसटी पकडून सिन्नरला गेले. घरी सांगितलं, विहीणबाईंना भेटून येते... खरं तर मी त्यांचा कॉम्प्युटर बघायला निघाले होते.

माझी नात ओवी बंगळुरूला असते. आठ वर्षांची आहे आणि ठोकळ्यांनी घरं, गावं बांधायच्या एका गेमचं तिला वेड आहे. दर रविवारी या गेममध्ये तिच्याबरोबर कोण खेळतं? तिची सिन्नरची आजी. दोघींनी मिळून अख्खं गाव वसवलंय... विहीर, गव्हाचं शेत, गोठा, त्यात मेंढ्यासुद्धा.

आणि मी इथे नाशिकच्या गंगापूर रोडला, बँकेतून रिटायर झालेली, निम्मं आयुष्य कॉम्प्युटरसमोर घालवलेली! माझ्याकडे तो गेम उघडला की माऊसचा बाणही हलत नाही. आतला पंखा तेवढा गिरणीसारखा ओरडतो. आधी ओवी वाट बघायची. मग एकदा म्हणाली, "आजी, राहू दे गं... तुझ्याकडे नाही चालणार."

ते फार लागलं मला.

फोनवर आम्ही बोलायचो, नाही असं नाही. पण विषय एकच. सिन्नरच्या आजीने तळं केलं, सिन्नरच्या आजीने कोंबड्या पाळल्या. मी "अरे वा" म्हणायचे आणि आतून नुसती जळायचे.

शेवटी मुलीला विचारलं, तिकडे एवढा कुठला भारी कॉम्प्युटर आहे? ती हसायलाच लागली. "अगं आई, निखिलचा कॉलेजमधला आहे तो. जुनाट डबा." निखिल म्हणजे आमचे जावई.

मग तिच्याकडून त्याचं मॉडेल विचारून घेतलं आणि दोन्हींचे प्रोसेसर नेटवर समोरासमोर ठेवून बघितले. माझा दुकानातून सीलबंद आणलेला, आठव्या जनरेशनचा. त्यांचा दुसऱ्या. म्हटलं, प्रश्नच नाही, आपलाच पुढे असणार... तर त्यांची वेगाची हिरवी पट्टी स्क्रीनभर आणि माझी एवढीशी! नीट वाचल्यावर कळलं की माझा नवा असला तरी स्वस्तातला, दोनच कोरचा. त्यांचा जुना, पण चार कोरचा. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात दोघी राबतायत आणि तिकडे चौघी. शिवाय जावयांनी गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्डही बसवलेलं.

माझी चिडचिड बघून आमचे हे म्हणाले, "तुला राग नेमका कोणाचा आलाय? प्रोसेसरचा की विहीणबाईंचा?"

तर, सिन्नर. विहीणबाईंनी चहा दिला, शेंगदाण्याचे लाडू समोर ठेवले. मी इकडचं तिकडचं बोलून हळूच विषय काढला. त्या लगेच पदराला हात पुसत उठल्या आणि कॉम्प्युटर लावला. कॅबिनेटचा रंग उडालेला, कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली. पण गेम उघडला आणि काय सांगू... पाणी वाहत होतं, मेंढ्या चरत होत्या, कुठे म्हणून अडकत नव्हतं. विहीणबाई दोन बोटांनी बटणं दाबत आरामात गावभर फिरवत होत्या मला. गहू तर असा डुलत होता की बघवेना.

नदीकाठी एक छान सपाट जागा रिकामी दिसली. चारी बाजूंनी कुंपण. मी म्हटलं, इथे काही नाही केलंत?

"तिथं हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "ती तुमची जागा हाय."

मला कळेचना. त्यांनी जवळ जाऊन दाखवलं. कुंपणावर पाटी होती, ओवीने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं... 'नाशिकच्या आजीचं घर. ती येणार आहे.'

मी ती पाटी पुन्हा एकदा वाचली.

विहीणबाई पुढे म्हणाल्या, "मी एकदा तिथं गहू पेरला, तर पोरीनं सगळा उपटाया लावला. लय राग आला व्हता मला तुमचा, खरं सांगते. दर रविवारी हितं मी बसायचं आन् नदीकाठची जागा तुम्हाला!"

एवढं मनापासून सांगितलं त्यांनी की मला हसूच आलं. मग मीही सांगून टाकलं, मी आज का आले ते. त्या पट्ट्यांचं, जनरेशनचं, सगळं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण जळणं मात्र बरोबर कळलं. दोघी पोट धरून हसलो.

थोड्या वेळाने ओवी गेममध्ये आली. विहीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून घेतलं. मी पहिल्या झटक्यात नदीत पडले. त्यांनी माऊसवरच्या माझ्या हातावर हात ठेवून मला बाहेर काढलं. फोनवर विहीणबाईंनी "आज नाशिकची आजी हाय!" असं सांगितल्यावर ओवी जी किंचाळली... तो आवाज अजून कानात आहे.

दुकानदाराला विचारलंय. माझ्याच मदरबोर्डावर बसेल असा चार कोरचा जुना प्रोसेसर शोधून देतो म्हणालाय. सापडेपर्यंत जमेल त्या रविवारी मी सिन्नरला. माझं घर उभं राहतंय, दार जरा वाकडं झालंय.

विहीणबाईंचा गहू बघून पोटात अजून दुखतं, खोटं कशाला बोलू? पण ज्यांचा हेवा वाटतो त्यांनीच निघताना पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि ठेचा भरून द्यावा, असं भाग्य किती जणींच्या वाट्याला येतं...