शनिवारची सवलत

रविवारी सकाळी ऑफिस उघडायला गेलो तर अब्रामकाका झिराडकर पायरीवर बसले होते. डावा हात गळ्यात बांधलेला, टोपीवर धूळ. मला बघून उठले.

"टेंडर वादीत पडलंय," ते म्हणाले. "क्लेमचा फॉर्म काढ. आणि तारीख शनवारची लिव. कालची."

मी फॉर्म काढला, पेन उचललं आणि तसाच बसून राहिलो. शनिवारची तारीख लिहिली की क्लेम मेला, हे मला ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

टेंडर म्हणजे मागे उघडा हौदा असलेली छोटी गाडी. वादी म्हणजे कोरडा ओढा. इस्राएलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात, रस्त्याच्या कडेला अशा वाद्या पसरलेल्या आहेत. अब्रामकाका मुंबईत एका गिरणीच्या लॉरीवर होते. इथे दिमोनाला आल्यावर त्यांनी हे टेंडर घेतलं. पहाटे भाजी आणायची, दिवसभर बांधकामाचं सामान आणि मजूर पोचवायचे. पाच माणसांचं घर त्या एका गाडीवर चाले.

मी बेर्शेबात एका विमा कंपनीच्या शाखेत मोटार डिपार्टमेंटला होतो. डिपार्टमेंट म्हणजे मी, एक टाइपरायटर आणि एक कपाट. मराठी येणारा मी एकटाच. त्यामुळे आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांतले आसपासचे सगळे ड्रायव्हर माझ्याच टेबलाशी येत.

गाडीचा विमा दोन तऱ्हेचा असतो. एक सक्तीचा: तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई त्यातून होते. तो नसेल तर लायसन नाही. दुसरा तुमच्या स्वतःच्या गाडीचा. गाडी मोडली, जळली, चोरीला गेली तर कंपनी भरून देते. तो घ्यायचा की नाही हे मालकाने ठरवायचं. लिरा, म्हणजे इथलं चलन, उतरला तेव्हा परदेशातून येणारे स्पेअर पार्ट महागले. पार्ट महागले म्हणून प्रीमियम वाढला, आणि मग वाढतच राहिला. दर खेपेला तेल अविवहून हेड ऑफिसचं सर्क्युलर येई. वाढ ठरवणारे तिकडे बसत. ती ड्रायव्हरच्या तोंडावर सांगायला मी इथे होतो.

लोक जमेल तसं निभावत. कोणी दुसरा विमा सोडूनच देई. कोणी दोन भावांत एकच गाडी ठेवी. एकाने हिवाळाभर गाडी विटांवर चढवली आणि नंबरप्लेट माझ्या टेबलावर आणून ठेवली, गाडी उभी आहे तर विमाही उभा करा म्हणून. एकाने दर कमी पडेल या आशेने गाडी सत्तरीच्या सासऱ्याच्या नावावर केली. त्या सासऱ्यांना गाडीत बसलं की उलटी होई.

मग आमच्या कंपनीने शब्बाथची, म्हणजे आपल्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, सवलत काढली. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर दुसऱ्या विम्याचा प्रीमियम कमी. आठवड्यातला एक दिवस गाडी रस्त्यावर नाही, म्हणजे तेवढा धोका कमी. मला वाटलं, ही तर आपल्यासाठीच बेतली आहे. कोकणात आपल्या पणजोबांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून गावं आपल्याला शनवार तेली म्हणत. जे आपण फुकट पाळत आलो त्याचे आता पैसे वाचणार होते. मीच दिमोनाला जाऊन एकेका ड्रायव्हरला ती सवलत घ्यायला लावली. मालकांच्या नफ्यातून गरिबाला काहीतरी काढून दिल्याचा मला अभिमान होता.

काल काय झालं ते अब्रामकाकांनी थोडक्यात सांगितलं. दुपारी शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. गावातली अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. पाणी गेलेलं, बाई पांढरी पडलेली. त्यांनी हौद्यात गादी टाकली, बाईला आणि तिच्या सासूला बसवलं आणि बेर्शेबाचं हॉस्पिटल गाठलं. तासाभरात मुलगा झाला. काका परत निघाले. वळणावर उंट आडवा आला. उंट वाचला.

मी पॉलिसी काढून अट मराठीत वाचून दाखवली. शब्बाथला गाडी चालवली तर गाडीच्या नुकसानीची भरपाई नाही. अपवाद एकच: कोणाचा जीव धोक्यात असेल तर. त्याला इथे पिक्वाख नेफेश म्हणतात. जीव वाचवायला शब्बाथ मोडावाच लागतो. पण त्यासाठी रब्बीचा, म्हणजे शिकलेल्या धर्मशास्त्र्याचा, लेखी दाखला हवा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "हे तू मला आधी वाचून दावलं नव्हतंस."

"नाही," मी म्हणालो.

खरंच नव्हतं दाखवलं. फॉर्मवर प्रश्न होता: शब्बाथला गाडी चालवता का? झिराडकरांच्या घरी बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन, तो प्रश्न मी कसा विचारणार? मला त्यात त्यांचा अपमान दिसला. न विचारताच मी खूण केली, पान उलटलं आणि सही घेतली. अट त्याच पानाच्या खाली होती.

"बरं," ते म्हणाले. "रब्बी कुठून आनू?"

हीच अडचण होती. आपल्यात रब्बी कधी नव्हतेच. कोकणात प्रार्थना चालवायला हझान होते, आणि दोन हजार वर्षं तेवढ्यावर भागलं. इथेही आपल्या सिनेगॉगमध्ये हझानच होते. आठवडाभर ते फॅक्टरीत फरशा भाजत. त्यांनी सुवाच्य अक्षरात दाखला लिहून दिला. हेड ऑफिसने तो तिसऱ्याच दिवशी परत पाठवला. सही करणारा रब्बी नाही.

माझं डोकं फिरलं. आपण पक्के ज्यू आहोत का म्हणून लग्नाआधी आपल्या लोकांची वंशावळ तपासायची की नाही, हा वाद त्याच दिवसांत देशभर पेटलेला होता. त्यात हे. मी रात्र जागून आठ पानांचं पत्र लिहिलं. शाखेचे मॅनेजर अदोन, म्हणजे मिस्टर, मार्कू रुमानियाचे, दमा असलेले, शांत गृहस्थ. त्यांनी आठही पानं वाचली.

"हे क्लेमचं पत्र आहे की निवडणुकीचं पत्रक?" त्यांनी विचारलं.

"खोटं काय आहे त्यात?"

"काही नाही. म्हणून तर कोणी वाचणार नाही." त्यांनी सहा पानं बाजूला ठेवली. मग दार लावून घेतलं. "अपघात परत येताना झाला. जाताना झाला असं लिही. बाई गाडीत होती म्हण. मग दाखल्यावर कोणी अडणार नाही. ती बाई सही देईल ना?"

बाई नक्कीच देणार होती. तिचा नवरा दोनदा येऊन गेला होता, काहीही लागलं तर सांगा म्हणून. मला खोटं लिहायचं नव्हतं. पण टेंडर माझं नव्हतं. मी दिमोनाला गेलो आणि मार्कूंचं म्हणणं काकांच्या कानावर घातलं.



"कळा देनारी बाई उलट्या गाडीत होती, असं लिवनार तू?" ते म्हणाले. "या शनवारी त्या पोराची सुंता हाय. मी त्याला मांडीवर घेनार. त्याच्या जन्माच्या कागदावर मी अपघात लिवू?"

"जन्माचा नाही काका, क्लेमचा कागद."

"मला एकच."

शेवटी बेर्शेबातल्या एका म्हाताऱ्या मोरोक्कन रब्बींकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी आमची वंशावळ विचारली नाही. खजूर पुढे केले, सगळं ऐकलं. गेलात ते योग्यच केलंत, न जाता तर पाप होतं, असं म्हणाले. मग एकच प्रश्न विचारला. मूल झाल्यावर परत का निघालात? तारे दिसेपर्यंत थांबता आलं नसतं?

मी हिब्रूतून मराठीत सांगितलं. सांगताना मनातल्या मनात उत्तरं जुळवत होतो. गाडी हॉस्पिटलच्या दारात अडचण करत होती. मागे दुसरा पेशंट होता. काहीही चाललं असतं.

"घरी जायचं होतं," काका म्हणाले. "बायकोला काळजी लागली असती. तेच सांग."

मी तेच सांगितलं. रब्बींनी मान हलवली आणि दाखला लिहिला: जाणं धर्माला धरून होतं, परतण्याबद्दल मी काही म्हणत नाही. दाखला देताना त्यांनी काकांचा चांगला हात बराच वेळ धरून ठेवला.

हेड ऑफिसने उत्तर द्यायला महिना घेतला. नुकसान परतताना झालेलं असल्यामुळे क्लेम नामंजूर. टेंडर एका गॅरेजवाल्याने सुट्या भागांच्या भावात नेलं. अब्रामकाका खाणीच्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर झाले. मला ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात दिमोनाचे ड्रायव्हर एकेक करून माझ्याकडे आले. सगळ्यांचं काम एकच. सवलत रद्द कर, पुरा प्रीमियम लाव. परवडत कोणालाच नव्हतं. मी एलायजा नावाच्या ड्रायव्हरला विचारलं, आता शनिवारी गाडी चालवणार आहात का.

"डोकं फिरलंय का तुझं?" तो म्हणाला. "शनवार आम्ही पाळतोच. पण त्याचे पैसे घेतले की तो कंपनीचा होतो. मग घरी कधी जायचं ते पन कंपनी ठरवनार."

हेड ऑफिसमधून फोन आला. शब्बाथ पाळणारे इतके ग्राहक एकदम शनिवारी गाड्या चालवू लागले की काय? मी म्हणालो, एकही नाही. मग सवलत का सोडतात, असं पलीकडून विचारलं. मी समजावून सांगू लागलो. मार्कूंनी रिसीव्हर काढून घेतला आणि म्हणाले, "खाजगी कारणं."

मला वाटलं, ही कंपनीला नाही म्हणण्याची सुरुवात आहे. नव्हती. पुढच्या वर्षी प्रीमियम पुन्हा वाढला आणि निम्मे जण सवलत मागायला परत आले. त्यांत एलायजाही होता. तो माझ्याकडे न बघता सही करत होता. मी त्याला काही विचारलं नाही. त्याच्या घरीही पाच माणसं होती.

विम्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं सांगू शकतो: प्रीमियम कमी होतो तेव्हा धोका कमी झालेला नसतो. त्यातला थोडा कंपनीने तुमच्या घरी परत पाठवलेला असतो. कोणता, ते सही करण्याआधी विचारून घ्या.