ओळवाल्या बाई

वानखडे बाई वर्गात यायच्या त्याच रागावून. कोणी काही केलेलं नसे, हजेरीही झालेली नसे. जिना चढून त्या दहावी 'ब'च्या दारात थांबत, चष्मा पदराने पुसत आणि आम्हा सगळ्यांकडे अशा बघत, की आपण काहीतरी चोरलं असावं अशी प्रत्येकाला शंका यावी. अकोल्याच्या आमच्या शाळेत मारकुटे शिक्षक होते, टोमणे मारणारे होते, खुर्चीत डुलक्या घेणारे तर बरेच होते. बाईंनी कधी कोणावर हात उचलला नाही. त्या फक्त चिडलेल्या असत, आणि इंग्रजी शिकवत.

आता मी अमरावतीत इंग्रजीच शिकवते. जुन्या शिक्षकांवर लिहायचं म्हटलं की काहीतरी गोड लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. बाईंना त्या शाळेतून घालवणाऱ्या लोकांत मीही होते, आणि त्या सगळ्यांवरची माझी चीड अजून गेलेली नाही. स्वतःवरची तर नाहीच.

त्यांना शाळेत कोणी वानखडे बाई म्हणत नसे. 'ओळवाल्या बाई' म्हणत. उताऱ्याखालच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, की बरोबर असो नाहीतर चूक, त्या एकच विचारायच्या, "कोणत्या ओळीत?" ओळीवर बोट ठेवता आलं तर उत्तर बरोबर, नाहीतर खाली बसा. एकदा एक उतारा होता. एक बाई टोपलीत मडकी भरून बाजाराला जाते, संध्याकाळी परत येते आणि घरात कोणाशी बोलत नाही. ती का बोलली नाही, असा प्रश्न. अख्ख्या वर्गाने गाईडमधलं उत्तर उतरवलं होतं : शी वॉज टायर्ड.

"टायर्ड कुठी लिहिलं हाय?" बाईंनी मला उभं केलं. "सरोदे, ओळ दाखव."

मी उतारा दोनदा वरून खाली वाचला. टायर्ड कुठेच नव्हतं.

"येताना टोपली कशी होती, ते वाच."

मी वाचलं. टोपली सकाळइतकीच जड होती, असं चक्क लिहिलेलं होतं.

"मंग? एकही मडकं इकलं नाही तिचं. तिचं दुःख इथं छापून ठेवलं हाय, आन् तुमी म्हणता थकली." त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "ज्यानं गाईड लिहिलं त्यानं उतारा वाचला नाही. ज्यानं गाईड वाचलं त्यानंही वाचला नाही. मंग त्या बाईनं सांगावं कोणाले?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की उतारा पाच मार्कांसाठी नसतो, त्यात माणसं असतात.

इंग्रजीच्या तासाला त्या असं ठेठ वऱ्हाडी बोलत. त्या परतवाड्याकडच्या शेतकरी घरातल्या, आणि ती बोली लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. पालकसभेत एका वकील बापाने तक्रार केली, की इंग्रजीची शिक्षिका 'मले-तुले' करते, मुलांवर काय संस्कार होणार. बाई म्हणाल्या, "तुमच्या पोराले मी मराठीत समजावून सांगून राहिली, तरी त्याले 'हॅड'च्या पुढं काय येते ते समजत नाही. तुमी म्हणाल तर इंग्रजीत समजावते. मंग घरी येऊन तुमाले दोघायलेही समजवावं लागीन." सभा हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत.

मूर्तिजापूरहून पॅसेंजरने येणारी रेखा नावाची मुलगी आमच्या वर्गात होती. नववीपर्यंत तिला इंग्रजी वाचताच येत नव्हतं आणि हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण ती पाठ करून लिहायची. बाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या भयंकर संतापल्या. रेखावर नव्हे, तिला आजवर पास करत आलेल्या सगळ्यांवर. दिवाळीपर्यंत रोज मधल्या सुट्टीत त्या तिला शेजारी बसवून एक उतारा मोठ्याने वाचून घेत. स्वतःचा डबा उघडलेला असे आणि भाकरी वाळत पडलेली असे. "थांबू नको. चुकली तरी पुढं जा," एवढंच आम्हाला बाहेर ऐकू यायचं. सहामाहीला रेखाने न पाहिलेला उतारा स्वतः सोडवला आणि पाचपैकी तीन मार्क घेतले. बाईंनी पेपर देताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण त्या तासाला त्या रागावल्याही नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी टिपलं.

माझे बाबा त्याच शाळेच्या ऑफिसात बाबू होते. त्यामुळे शाळेत काय शिजतंय ते मला थोडंफार कळायचं. बोर्डाचं परीक्षाकेंद्र आमच्याच शाळेत असे. त्या वर्षी मुख्याध्यापकांना शंभर टक्के निकाल हवा होता. इंग्रजी हा दगा देणारा विषय, म्हणून ठरलं, की पेपर सुरू झाला की अर्ध्या तासाने व्याकरणाची आणि उताऱ्याची उत्तरं प्रत्येक वर्गात सांगायची. ती तयार करायची वानखडे बाईंनी.

बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर नकार दिला. बाबांनी घरी आईला सांगितलं ते मी ऐकलं. बाई म्हणाल्या होत्या, "माह्या पोरायले येते. ज्याले येत नाही तो माह्यामुळं नापास होईन, आन् पुढच्या साली मी त्याले पास करीन. उत्तरं सांगतानी कोणी दिसलं तर मी बोर्डाले लिहीन."

आठ दिवसांत बाईंविरुद्ध तक्रार तयार झाली. मुलांची तक्रार. बाई वर्गात ओरडतात, अभ्यासक्रम पूर्ण करत नाहीत, मुलांच्या मनावर परिणाम होतो, त्यांना बदलून मिळावे. ती टाइप कोणी केली हे मी बाबांना कधी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "उद्या वर्गात एक कागद फिरीन. सही करून देजो. काही इचारू नको."

"काय आहे त्यात?"

"तेच म्हटलं ना, इचारू नको. माही नोकरी तिथंच हाय."

दुसऱ्या दिवशी शिपाई कागद घेऊन आला. मुख्याध्यापक दारात उभे होते. जादा तासांसाठी संमती आहे, लवकर सह्या करा, असं म्हणाले. मुलांनी पटापट सह्या केल्या आणि कागद पुढे सरकवला. कोणी वाचला नाही. मी वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जसा बाईंनी शिकवला होता तसा. काय लिहिलं आहे ते मला समजलं, त्यात खरं काहीच नाही हेही समजलं, आणि मी सही केली.

आठवड्याने बाई वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या हातात संस्थेचं पत्र होतं. त्यांनी खडू घेतला आणि त्यातलं एक वाक्य फळ्यावर लिहिलं : आपली बदली मेळघाटातील सेमाडोह येथील शाळेत करण्यात आली आहे.

"इंग्रजी करा."

आम्ही केलं. यू हॅव बीन ट्रान्सफर्ड.

"व्हॉइस कोणता?"

"पॅसिव्ह."

"आता ॲक्टिव्ह करा. करणारा लिहा."

फळ्यावरच्या वाक्यात करणारा नव्हताच. मग रेखा हळूच म्हणाली, "हेडसर?"

"एक झाला. अजून?"

मी वहीत डोकं घातलं. बाईंनी वाक्य पुसलं आणि रिपोर्टेड स्पीच शिकवायला घेतलं. तास संपेपर्यंत शिकवलं. निरोप वगैरे काही घेतला नाही. सोमवारी त्यांच्या जागी दुसरे सर आले, त्यांच्या हातात गाईड होतं.

बोर्डाच्या पेपरला ठरल्याप्रमाणे उत्तरं सांगितली गेली. उताऱ्याची दोन उत्तरं तर चुकीची सांगितली, आणि वर्गांमधल्या मुलांनी ती मुकाट्याने लिहिली. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, फाटकावर फ्लेक्स लागला. सांगितलेल्या उत्तरांपैकी रेखाने एकही लिहिलं नाही. तिला एकेचाळीस मार्क मिळाले. त्या केंद्रावर इंग्रजीत खऱ्या अर्थाने पास झालेल्यांत ती होती, आणि फ्लेक्सवर तिचा फोटो नव्हता. माझा होता.

मी बीएड केलं, अमरावतीत एका शाळेला लागले. बाई निवृत्त होऊन परतवाड्याला धाकट्या बहिणीकडे राहतात असं कळलं, तेव्हा एका रविवारी गेले. त्या ओसरीवर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. सेमाडोहच्या मुलांबद्दल थोडं बोलल्या. तिथली मुलं घरी कोरकू बोलत, त्यांना मराठीच परकी, म्हणून बाई आधी कोरकू शिकल्या होत्या. मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. मी वाचून सही केली होती.

"मले मालूम हाय," बाई म्हणाल्या. "मी तो कागद पायला होता. सगळ्यायच्या सह्या घाईच्या, वाकड्यातिकड्या. तुही एकटीची सरळ रेषेवर. तवाच समजलं, का ह्या पोरीनं बसून वाचलं."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"बाकीच्यायचा राग आला नाही मले. त्यायले फसवलं. तुह्या सहीचा लय राग आला. दोन-तीन वर्षं जंगलात मी तुह्यावर रागावून होती."

"आणि आता?"

"आता तू काय करतं?"

मी सांगितलं, इंग्रजी शिकवते.

"कसं? पोरं वाचतात का तू उत्तरं लिहून देतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण आमच्या शाळेत छापील उत्तरं वाटायची पद्धत होती आणि मी ती वाटत होते. तसं सांगितलं.

बाई उठल्या. "मंग आली कायले?" एवढंच म्हणून आत गेल्या. बहिणीने चहा आणून दिला. मी तो थंड होईपर्यंत बसले, पण बाई परत बाहेर आल्या नाहीत.

बसमध्ये मला त्यांचा भयंकर राग आला. एवढ्या लांब येऊन कबुली दिली, तर माणूस दोन शब्द बरे बोलतो. अमरावती येईपर्यंत तो राग टिकला. मग त्यात काही दम नाही हे कळायला लागलं. त्या सोमवारपासून मी छापील उत्तरं वाटणं बंद केलं. मुख्याध्यापिकेने बोलावून झापलं, पालक भांडायला आले, चाचणीत माझ्या वर्गाचे मार्क घसरले. मी अजून त्याच शाळेत आहे आणि रोज कोणाशी तरी भांडून घरी येते.

गेल्या वर्षी बाई गेल्या. अकोल्याच्या शाळेने शोकसभा ठेवली. बाबा निवृत्त झालेत, पण जुने कर्मचारी म्हणून त्यांना बोलावणं होतं. मी अमरावतीहून आले आणि त्यांच्याबरोबर गेले. तेव्हाचे मुख्याध्यापक आता संस्थेचे सचिव आहेत. तेच बोलायला उभे राहिले. म्हणाले, वानखडे बाई अत्यंत मनमिळाऊ होत्या, आणि आदिवासी मुलांच्या ओढीने त्या स्वेच्छेने सेमाडोहला गेल्या.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी बोलणार का, असं विचारलं तेव्हा मी उठले. बाई मनमिळाऊ नव्हत्या आणि स्वेच्छेने गेल्या नव्हत्या, हे सांगितलं. तक्रारीचा कागद, जादा तासांचं खोटं कारण, परीक्षेत सांगितलेली उत्तरं, सगळं सांगितलं. तो कागद मी वाचला होता आणि तरी सही केली होती, हेही सांगितलं. मध्येच कोणीतरी माइक बंद केला. तो हॉल लहान आहे, माइकची गरज नव्हती. माझं झाल्यावर सचिव म्हणाले, "भावना अनावर झाल्या आहेत," आणि त्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. मी बाहेर पडले. बाबा मागोमाग आले.

आम्ही स्कूटरवर निघालो. बाबा चिडले असणार, असं मी धरून चालले होते. टॉवर चौकाच्या अलीकडे त्यांनी स्कूटर बाजूला घेतली.

"तू माहं नाव नाही घेतलं तिथं," ते म्हणाले.

"नाही घेतलं."

"काहून?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "तो कागद मीच टाइप केला होता, मनीषा. साहेबानं तोंडी सांगितलं आन् मी टाइप केला. एक शब्द त्या पोरायचा नव्हता."

त्यांनी स्कूटर वळवली. मी मागे बसून विचारत राहिले, बाबा, कुठे चाललो आपण, पण त्यांना ऐकू येत नव्हतं, किंवा ऐकायचं नव्हतं. आम्ही परत शाळेत पोचलो तेव्हा हॉलमधले लोक बाहेर पडत होते आणि सचिवांची गाडी अजून फाटकाशीच उभी होती.